ऊतिसंवर्धनाच्या लहान वाढ-कक्षाचा वीजखर्च : अंदाज कसा बांधावा?

प्रस्तावना

वनस्पतिशास्त्र व जैवतंत्रज्ञान या विषयांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांमुळे अनेक महाविद्यालयांत ऊतिसंवर्धनाची छोटी प्रयोगशाळा उभी राहिली आहे. केळी, ऊस, जरबेरा यांसारख्या वनस्पतींचे सूक्ष्म भाग काचेच्या बाटलीत वाढवायचे, तर त्यांना सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमान आणि रोज १६ तास प्रकाश द्यावा लागतो. ही सोय असलेल्या बंद खोलीला वाढ-कक्ष म्हणतात.

अशा कक्षाचा प्रस्ताव तयार करताना मांडण्या, दिवे, एसी, ऑटोक्लेव्ह यांच्या किमती काटेकोर दिल्या जातात. विजेच्या रकान्यात मात्र बऱ्याचदा एखादा ढोबळ आकडा टाकला जातो. हा आकडा कमी पडला की बिल पाहून सुटीत एसी बंद करण्याचा विचार सुरू होतो. उन्हाळ्याची सुटी नेमकी सर्वांत उष्ण महिन्यांत येते. एका रोपापासून शेकडो रोपे करण्यासाठी दर चार ते सहा आठवड्यांनी नव्या माध्यमात स्थलांतर करत विद्यार्थ्यांनी कित्येक महिने काम केलेले असते. बंद, तापलेल्या खोलीत ते काही दिवसांत वाया जाऊ शकते. म्हणून वीजखर्चाचा अंदाज हा प्रयोगाच्या आराखड्याचाच भाग मानला पाहिजे.

१. मूळ सूत्र

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. म्हणजेच :

युनिट = वॅट × तास ÷ १०००

सूत्र सोपे आहे. चूक होते ती त्यात घालायच्या आकड्यांत. उपकरणावर छापलेले वॅट, ते प्रत्यक्षात घेत असलेले वॅट आणि ते खरोखर चालू असलेले तास या तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

पुढील विवेचनासाठी एक नमुना कक्ष घेऊ. खोली साधारण ३ मीटर × ३ मीटर, दोन मांडण्या, प्रत्येकीला चार फळ्या आणि प्रत्येक फळीवर दोन, अशा एकूण १६ ट्यूबलाइट. सोबत दीड टनाचा, ठरावीक वेगाच्या काँप्रेसरचा एसी आहे.

२. दिव्यांचा खर्च

चार फुटी जुन्या ट्यूबलाइटवर ४० वॅट लिहिलेले असते. तांब्याच्या वेटोळ्याचा चोक स्वतः १० ते १५ वॅट घेतो. म्हणून एका दिव्याचा भार ५२ वॅट धरणे योग्य ठरते.

१६ दिवे × ५२ वॅट = ८३२ वॅट
८३२ × १६ तास ÷ १००० = रोज १३.३ युनिट
महिन्याला सुमारे ३९९ युनिट

चोक विसरून ४० वॅटच धरले असते, तर हाच आकडा ३०७ येतो. केवळ या एका दुर्लक्षाने दरमहा ९२ युनिट हिशेबाबाहेर राहतात.

त्याजागी २० वॅटच्या एलईडी नळ्या बसवल्यास भार ३२० वॅट आणि महिन्याचा खर्च सुमारे १५४ युनिट होतो. मात्र नळ्या बदलल्यावर फळीवरचा प्रकाश लक्समीटरने मोजावा. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माध्यमात दर लिटरला ३० ग्रॅम साखर असते. बाटलीतील ऊतीला कार्बनचा पुरवठा मुख्यतः या साखरेतून होत असल्याने तिला फार प्रखर प्रकाश लागत नाही. नेहमीच्या कामाला २००० ते ३००० लक्स पुरतात. त्याहून जास्त दिवे लावणे म्हणजे विजेचा अपव्यय होय.

३. प्रकाशाची उष्णता आणि एसी

वाढ-कक्षाच्या हिशेबातील सर्वांत मोठी रक्कम एसीची असते आणि नेमकी तीच वगळली जाते. बंद खोलीत दिव्यांनी घेतलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. प्रकाशाचे रूपांतरही भिंती, फळ्या व बाटल्या यांवर पडून उष्णतेतच होते. ही उष्णता एसीला बाहेर टाकावी लागते. साधारण चांगल्या स्थितीतील एसी एक युनिट वीज घेऊन सुमारे तीन युनिट उष्णता बाहेर टाकतो. म्हणून दिव्यांच्या दर तीन युनिटमागे एसीचे एक युनिट धरावे. नमुना कक्षात दिव्यांच्या रोजच्या १३.३ युनिटसाठी एसीला ४.४ युनिट जादा वीज लागते.

याशिवाय भिंती, छत व दार यांतून येणारी उष्णता असते. ती ऋतूप्रमाणे बदलते. काँप्रेसर चालू असताना दीड टनाचा एसी सुमारे १.६ किलोवॅट घेतो. तो दिवसभरातील किती भाग चालू राहतो यावर सारे अवलंबून आहे. उदाहरणादाखल पुढील प्रमाण धरू :

एप्रिल (५५ टक्के वेळ) : महिन्याला ६३४ युनिट
जुलै (३५ टक्के वेळ) : ४०३ युनिट
डिसेंबर (१५ टक्के वेळ) : १७३ युनिट

डिसेंबरच्या १७३ पैकी सुमारे १३३ युनिट केवळ दिव्यांची उष्णता काढण्यात जातात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ग्वाल्हेरसारख्या थंडी कडक असलेल्या ठिकाणी हीच उष्णता रात्री कक्ष उबदार ठेवण्यास उपयोगी पडते. गोव्यासारख्या दमट, उबदार हवेत तो लाभ मिळत नाही.

एलईडीचा खरा लाभही येथे स्पष्ट होतो. दिव्यांत रोज ८.२ युनिट वाचतात आणि एसीत आणखी २.७. एकूण बचत महिन्याला सुमारे ३२८ युनिट होते.

४. थोडा वेळ चालणारी उपकरणे

दोन किलोवॅटचा ऑटोक्लेव्ह पाहताना मोठा वाटतो. परंतु तापण्यासह सव्वा तासाची एक फेरी, अशा महिन्याला १२ फेऱ्या धरल्या तर तो केवळ ३० युनिट घेतो. लॅमिनार एअर फ्लोचे सुमारे ८ आणि फ्रिजचे ३० युनिट धरता येतील. अधिक वॅटचे उपकरण म्हणजे अधिक खर्च, हा विद्यार्थ्यांचा समज येथे दूर होतो. खर्चात चालू तासांचे महत्त्व वॅटइतकेच आहे.

आता एप्रिलची बेरीज अशी होते : दिवे ३९९, एसी ६३४, इतर ६८, एकूण ११०१ युनिट. जुलैची ८७० आणि डिसेंबरची ६४०. प्रत्येक ऋतू चार महिन्यांचा धरल्यास वर्षाला सुमारे १०,४४४ युनिट लागतात. दिव्यांवर छापलेले वॅट तेवढे मोजून महिन्याला ३०७ युनिट लिहिणाऱ्या प्रस्तावात एप्रिलच्या खर्चाचा एक-तृतीयांशही भाग येत नाही.

५. युनिटचे रुपये करताना

वीज कायदा २००३ नुसार दर राज्याचा नियामक आयोग ठरवतो. गोव्यासाठी केंद्रशासित प्रदेशांसह संयुक्त आयोग आहे. त्यामुळे बेळगाव, इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद येथील आकडा परस्परांना लागू पडत नाही. संस्थेचे अलीकडचे बिल हाच खरा आधार. त्यात पुढील बाबी पाहाव्यात.

पहिली, ग्राहकवर्ग. शैक्षणिक संस्था, घरगुती व व्यापारी यांचे दर भिन्न असू शकतात. दुसरी, युनिटच्या दरावर चढणारे इंधन समायोजन आकार, वीज शुल्क इत्यादी. तिसरी, स्थिर आकार. नव्या कक्षामुळे मंजूर भार वाढवावा लागला, तर हा आकार उपकरणे बंद असतानाही भरावा लागतो. बिल केव्हीए किंवा केव्हीएएचवर असेल, तर कपॅसिटर नसलेल्या जुन्या चोकचा कमी पॉवर फॅक्टरही महाग पडतो.

सर्व आकार धरून युनिटला ९ रुपये पडतात असे मानले, तर नमुना कक्षाचा वार्षिक खर्च सुमारे ९४,००० रुपये होतो. एलईडीमुळे त्यातील सुमारे ३५,००० रुपये वाचतात.

घरी मायक्रोग्रीन्स वाढवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला टप्पा-दराची कल्पना देणे आवश्यक आहे. समजा, घराचा वापर ९० युनिट असून १०० युनिटपर्यंत ४ रुपये व पुढे ८ रुपये दर आहे. १६० वॅटचे दिवे रोज १४ तास लावल्यास महिन्याला ६७ युनिट वाढतात. त्यांतील १० युनिट जुन्या दराने, तर ५७ युनिट वरच्या दराने मोजले जातात. खर्च २६८ रुपये न होता ४९६ रुपये होतो. नव्या वापराला नेहमी वरच्या टप्प्याचा दर लावावा.

२०२३ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीने वेळेनुसार दराची तरतूद केली आहे. दिवसाच्या सौर तासांत दर कमी आणि मागणीच्या कळसाच्या वेळी जास्त, असे तिचे स्वरूप आहे. ती आपल्या जोडणीला लागू आहे का, हे बिलावरून पडताळावे. लागू असल्यास आणि संध्याकाळचे तास महाग असल्यास रात्री १० ते दुपारी २ असे १६ तास दिवे लावणे सोयीचे ठरते. दुपारचे ऊन आणि संध्याकाळचा चढा दर दोन्ही टळतात. बाटलीतील रोपांना प्रकाशाचे तास ठरल्याप्रमाणे मिळाले की पुरे.

६. अंदाजाची पडताळणी

कागदावरील अंदाज एका आठवड्याच्या मोजणीने तपासावा. कक्षाला स्वतंत्र उपमीटर बसवणे उत्तम. ते नसल्यास काँप्रेसर तासात किती मिनिटे चालू राहतो याची नोंद पहाटे, दुपारी व रात्री घ्यावी. इन्व्हर्टर एसीचा काँप्रेसर कमी-अधिक वेगाने चालत राहतो. त्याला ही पद्धत लागू पडत नाही, तेथे मीटरच हवा.

इलेक्ट्रॉनिक मीटरवरील लुकलुकणारा दिवा हे प्रात्यक्षिकाचे चांगले साधन आहे. मीटरवर एका युनिटला ३२०० स्पंद असे लिहिलेले असेल आणि मिनिटाला ८० स्पंद मोजले गेले, तर त्या क्षणीचा भार ८० ÷ ३२०० × ६० = १.५ किलोवॅट येतो. एकेक उपकरण बंद करून हा प्रयोग पुन्हा केल्यास प्रत्येकाचा वाटा विद्यार्थ्यांना स्वतः काढता येतो.

समारोप

वाढ-कक्षाच्या अंदाजात चोकसह दिवे, दिव्यांच्या उष्णतेसाठी लागणारा एसी, ऋतूंचा फरक आणि बिलातील सर्व आकार या चार गोष्टी आल्या पाहिजेत. प्रस्तावात सरासरी महिन्याबरोबर एप्रिल-मेचा आकडा स्वतंत्र दाखवावा आणि सुटीतील वीज आधीच मंजूर करून घ्यावी. म्हणजे जूनमध्ये परतणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या बाटल्यांतील रोपे हिरवी सापडतील.