नाव बदलले, पुढे काय?

केसपेपरचा पहिला रकाना नावाचा असतो. सातारा व सांगली भागात या रकान्यात ‘नकुसा’ असे लिहिण्याची वेळ नोंदणी खिडकीवर येत आली आहे. मुलीमागून मुलगी झाली की पुढील खेपेस तरी मुलगा व्हावा, या समजुतीने हे नाव ठेवले जाई. आपण ‘नकोशी’ आहोत, हे त्या मुलीला शाळेच्या हजेरीत रोज ऐकावे लागे.

२००१ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे साताऱ्यात ८७८, तर सांगलीत ८५१ मुली होत्या. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने २८५ मुलींचे नामांतर झाले. अनेकींनी नवे नाव स्वतः निवडले. तथापि कागदावरील नाव एका दिवसात बदलते. मनावरील नाव पुसण्यास काळ लागतो.

स्वतःच्या मोलाविषयी मनात असलेली भावना म्हणजे आत्मसन्मान. मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये तो मोजण्यासाठी केलेली दहा विधानांची श्रेणी आजही वापरली जाते. स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, समजून घेणे व हाताळणे या क्षमतेस पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर यांनी १९९० मध्ये ‘भावनिक बुद्धिमत्ता’ म्हटले. ‘मला अपमान वाटला’ असे सांगू शकणारी मुलगी मदत मागू शकते. जिला ते सांगता येत नाही, तिचे दुःख कित्येकदा डोकेदुखी वा पोटदुखीच्या रूपाने बोलते. म्हणून अशा तक्रारींत रक्तक्षयासारखी शारीरिक कारणे प्रथम तपासावीत. परंतु तपासणी निर्दोष आली म्हणून ‘नाटक करते’ असे म्हणू नये.

या दोन्ही गोष्टी जोपासता येतात. पालकांनी मुलीचे बोलणे मध्येच न तोडता ऐकावे, भावाशी तुलना टाळावी, घरच्या निर्णयात तिचे मत घ्यावे. उदासी टिकून राहिल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवाही उपलब्ध आहे.

आम्ही हिशेबाची माणसे. इमारत व यंत्रे ताळेबंदात दिसतात. समुपदेशकाने एका मुलीसाठी दिलेला अर्धा तास तेथे केवळ खर्च म्हणून दिसतो. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच सातारा जिल्ह्यात आहे. त्या भूमीत हा खर्च आम्ही ठेव मानतो. देणगीदारांनीही तो तसाच मानावा, ही नम्र विनंती.