संगणकाने निवडलेला पाला कोंबडीला पुरेल का?

सख्यांनो, मोबाईलवर निरोप फिरतात, "मानमोडीवर झाडपाल्याचं औषध सापडलं, संगणकावर सिद्ध झालंय." मग बैठकीत प्रश्न निघतो, लस कशाला टोचायची? गटाचं कर्ज काढून पिल्लं घेतलेली असतात. खुराडं रिकामं झालं तरी हप्ता थांबत नाही. म्हणून हे नीट समजून घेऊ.

मानमोडी म्हणजेच राणीखेत. हा विषाणूचा रोग. विषाणू कोंबडीच्या पेशीला चिकटतो, आत शिरतो, आपल्यासारखे असंख्य तयार करतो आणि ते सुटून पुढच्या पेशीवर जातात. चिकटायला आणि सुटायला त्याच्या अंगावर एक प्रथिन असतं. सुटताना ते कात्रीसारखं काम करतं. कात्रीच्या तोंडात काही अडकवलं, तर विषाणू जागच्या जागी अडकतो.

शास्त्रज्ञ त्या कात्रीचा आकार संगणकात उतरवतात. मग तुळस, अडुळसा, हळद, कडुनिंब यांतल्या हजारो घटकांचे आकार एकेक करून तिच्या तोंडात बसवून बघतात. घट्ट बसेल त्याला चांगले गुण. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं चाललं असतं ते काम काही दिवसांत होतं. या कामाचा फायदा खरा आहे. पण ही झाली नुसती चाळणी. तांदूळ चाळून झाले म्हणजे भात शिजला, असं होत नाही.

हळदीचंच घ्या. तिच्यातलं करक्युमीन संगणकावर बऱ्याच विषाणूंना चिकटतं. पण पोटातून रक्तात फारच थोडं जातं. म्हणून निवडलेला घटक आधी प्रयोगशाळेत, गर्भ धरलेल्या अंड्यात विषाणू वाढवून तपासतात. मग जिवंत कोंबडीवर. डोस किती, अपाय होतो का, अंड्यात-मांसात उतरतो का, खर्च परवडतो का, हे सगळं बघावं लागतं. बहुतेक घटक वाटेतच गळतात.

ही वाट शेवटपर्यंत गेल्याचं उदाहरण आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे. माणसाच्या फ्लूवरचं टॅमीफ्लू हे औषध विषाणूच्या अशाच कात्रीचा आकार अभ्यासून बनवलं. १९९९ साली त्याला मान्यता मिळाली. त्याचा कच्चा माल, शिकिमिक आम्ल, चक्रीफुलातून काढत. पण चक्रीफूल खाऊन फ्लू जात नाही. त्या आम्लावर कारखान्यात एकामागून एक प्रक्रिया केल्यावर औषध होतं. आपल्या घरची माणसं तारापूर एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यांत कामाला जातात. एका गोळीमागे किती टप्पे असतात, ते त्यांना विचारा. आणि हे औषध माणसांचं आहे, कोंबड्यांना द्यायचं नाही.

राणीखेत एकदा झाला की त्याला मारणारं औषध आज नाही. पाला जरूर द्या, पण लसीच्या जागी नको. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. ६ ते ८ आठवड्यांनी आर-टू-बी लस टोचायची. पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. लस बर्फातच आणायची, पातळ केल्यावर दोन तासांत संपवायची. आजारी पक्ष्याला टोचायची नाही.

एका बाटलीत शंभर किंवा जास्त पक्ष्यांची लस असते. एकटीच्या दहा कोंबड्यांसाठी बाटली फोडणं जिवावर येतं. म्हणून गावातल्या सगळ्या गटांनी एकच दिवस ठरवा, पशुसखीला बोलवा, खर्च वाटून घ्या. शेजारणीच्या कोंबड्या सुटल्या, तर रोग तिथेच दबा धरून राहतो.

एक इशारा. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, वसई-विरार भागात, बर्ड फ्लू सापडला होता. हा माणसालाही होऊ शकतो. कोंबड्या अचानक पटापट मरू लागल्या, तर मानमोडीच असेल असं धरून पाला वाटत बसू नका. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, कापू नका, विकू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ वर फोन करा.

उद्या कदाचित आपल्याच रानातल्या झाडातून औषध निघेलही. तोवर "संगणकावर सिद्ध" म्हणून कोणी पुडी विकायला आला, तर एकच विचारा, "कोंबडीवर तपासलंय का?"