गावाचा कौल (भाग 4) : सह्या, सील आणि बेरीज

मागील भागात प्रभाग कसे पडतात आणि आरक्षणाची सोडत कशी निघते, ते पाहिले. आज मतदान केंद्रात जाऊ आणि तिथून मतमोजणीच्या टेबलापर्यंत.

शिरूर तालुक्यात दोन रांजणगावे आहेत. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचे महागणपतीचे आणि एमआयडीसीचे रांजणगाव गणपती. आणि दौंडच्या बाजूचे, भीमेच्या पट्ट्यातले रांजणगाव सांडस. एकीकडे कारखान्यांच्या पाळ्या, दुसरीकडे उसाचे फड. ग्रामपंचायतीचे मतदान मात्र दोन्हीकडे एकाच रीतीने होते. ही जबाबदारी 1994 साली स्थापन झालेल्या राज्य निवडणूक आयोगाची. प्रत्यक्ष काम तहसीलदार आणि त्यांनी नेमलेले शिक्षक, तलाठी, लिपिक करतात.

आदल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी साहित्य मिळते: यंत्रे, मतदार यादी, शाई, सील, पाकिटे. पथक संध्याकाळपर्यंत गावच्या शाळेत पोचते. सकाळी मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होते. बटणे दाबून, निकाल काढून दाखवायचा, मग ती मते पुसून यंत्र कोरे करायचे आणि सील लावायचे. यंत्र कोरे झाल्याचे प्रतिनिधीने स्वतः पाहावे आणि सीलचे क्रमांक टिपून ठेवावेत. पुढे मोजणीच्या टेबलावर याच क्रमांकांशी पडताळा घ्यायचा असतो.

केंद्रातले पहिले मतदान अधिकारी यादीतले नाव मोठ्याने वाचतात. प्रतिनिधींना ऐकू जावे आणि ओळखीबद्दल हरकत असेल तर ती तिथेच घेता यावी, म्हणून. पुढे नोंदवहीत सही किंवा अंगठा, बोटाला शाई, आणि मग यंत्र खुले होते. आपल्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेला असेल, तर खऱ्या मतदाराला प्रदत्त मत देता येते. ते कागदी मतपत्रिकेवर घेतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात.

ग्रामपंचायतीत एका प्रभागातून सहसा दोन-तीन सदस्य निवडायचे असतात. सरपंचाची थेट निवडणूक 2017 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये परत आली. त्यामुळे तीन जागांच्या प्रभागात एका मतदाराला चार मते द्यावी लागतात. जागा ओळखता याव्यात म्हणून मतपत्रिकांचे रंग वेगळे: सरपंचाची फिकी निळी, सर्वसाधारण जागेची पांढरी. एकच बटण दाबून निघू पाहणाऱ्या आजीबाईंना, कोणाला मत द्या हे न सुचवता, ‘अजून मते द्यायची राहिलीत’ एवढेच सांगणे, हे केंद्राध्यक्षांचे खरे कसब.

मतदानाची वेळ संपते तेव्हा रांगेत असलेल्या प्रत्येकाला मतदानाचा हक्क आहे. चिठ्ठ्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढे येतात, म्हणजे मागून कोणी घुसू शकत नाही. एमआयडीसीतून पाळी संपवून धावत आलेल्या कामगाराला हा नियम ठाऊक असायलाच हवा.

त्यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे. यंत्रावर दिसणारी मतदारसंख्या आणि नोंदवहीतल्या सह्या-अंगठे यांचा मेळ बसला पाहिजे. सही करून मत न देताच परतलेल्याची नोंद वेगळी असते. दिवसभर थकलेली माणसे हा हिशेब लिहितात, आणि निकालावरचा विश्वास याच कागदावर उभा असतो.

मोजणीला यंत्र टेबलावर येते. आधी सील दाखवतात, मग निकालाचे बटण दाबतात आणि ‘नोटा’सह प्रत्येक आकडा लिहून घेतात. शंका असल्यास उमेदवार फेरमोजणीची लेखी मागणी करू शकतो. मते समसमान पडली तर चिठ्ठी टाकून निर्णय होतो. निकालाविरुद्ध दिवाणी न्यायाधीशांकडे जायला कायद्याने 15 दिवसांची मुदत आहे.

निकालानंतर पारावर ‘यंत्रात गडबड होती’ असे म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे जण सकाळी सील लावताना हजर असतात. वाचकहो, पुढच्या निवडणुकीत आपल्या उमेदवाराचे मतदान प्रतिनिधी व्हा. सीलचे क्रमांक टिपा, संध्याकाळचा आकडा लिहून घ्या आणि तो कागद मोजणीला बरोबर न्या. गावच्या निवडणुकीची राखण गावानेच करायची असते.

(पुढील भागात : उपसरपंचाची निवड आणि पहिली मासिक सभा)