एका टेहळणी गाडीची दोन रूपांतरे

शत्रूचा ठाव घेणे आणि ती वार्ता घेऊन सुखरूप परत येणे, ही टेहळ्याच्या कामाची दोन अंगे होत. त्यांतील दुसरे अंग पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. कारण जो टेहळ्या परतला नाही त्याने पाहिलेले सैन्याच्या उपयोगी पडत नाही. चाकांच्या चिलखती टेहळणी गाडीची परीक्षा करताना हा निकष विसरून चालत नाही. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश ‘डिंगो’ गाडी व तिची कॅनडा आणि इटली या देशांत झालेली रूपांतरे यांचा विचार प्रस्तुत लेखात याच दृष्टीने केला आहे.

डिंगोचा आराखडा बी. एस. ए. या कंपनीने १९३८ च्या सुमारास तयार केला. पुढे त्या समूहातील डेमलर कंपनीने १९३९ ते १९४५ या काळात साडेसहा हजारांहून अधिक गाड्या बांधल्या. गाडीत माणसे दोनच. वजन सुमारे तीन टन. समोरचे चिलखत ३० मिलिमीटर जाड. आणि एंजिन मागच्या बाजूस, केवळ ५५ अश्वशक्तीचे. हे आकडे साधारणच आहेत. गाडीचे खरे वैशिष्ट्य शक्तिवहनाच्या योजनेत होते. मध्यभागी असलेल्या एकाच पेटीतून शक्ती दोन्ही बाजूंना वाटली जाई व तेथून स्वतंत्र दांड्यांनी प्रत्येक चाकाला पोचे. त्यामुळे माणसांच्या खालून जाणारा मधला दांडा नाहीसा झाला, तळ सपाट राहिला आणि गाडीची उंची सुमारे पाच फुटांवर रोखता आली. झुडपाआड लपणाऱ्या गाडीला ही ठेंगणी बांधणी म्हणजे दुसरे चिलखतच होते. याशिवाय पुढे जाण्याचे पाचही वेग तिला मागे जातानाही उपलब्ध होते. चालकाचे आसन किंचित तिरपे ठेवलेले असल्याने त्याला मान वळवून मागचा रस्ता पाहता येई. अकस्मात तोफेसमोर आलेली डिंगो वळण्यात वेळ न दवडता तशीच वेगाने मागे हटू शकत असे.

युद्ध पसरले तशी अशा गाड्यांची मागणी वाढली आणि कॅनडातील फोर्ड कंपनीने हे काम हाती घेतले. तिने डिंगोचे चिलखती कवच जवळजवळ तसेच ठेवले. परंतु आतील यंत्रणा मात्र आपली घातली. ९५ अश्वशक्तीचे व्ही-८ एंजिन, मोटारट्रकांच्या धर्तीचे आडवे आस आणि पट्ट्यांच्या स्प्रिंगा असे या ‘लिंक्स’ गाडीचे स्वरूप होते. हा निर्णय अविचाराचा नव्हता. त्याच जातीचे एंजिन फोर्डच्या लष्करी ट्रकांतही असल्याने सुटे भाग व दुरुस्ती यांची सोय आयती होती. सव्वातीन हजारांच्या आसपास गाड्या त्यामुळेच निघू शकल्या. परंतु वजन चार टनांवर गेले, उंची वाढली, आणि डिंगोची लवचिक चाल व मागे हटण्याची चपळाई हरपली. एंजिन अधिक जोरदार असूनही सैनिकांची पसंती डिंगोलाच राहिली.

इटलीची वाट निराळी होती. तेथे मूळ आराखडे मिळण्याचा प्रश्नच नव्हता. उत्तर आफ्रिकेत हाती लागलेली डिंगो हाच नमुना होता. लान्सिया कंपनीने त्यावरून ‘लिंचे’ ही गाडी केली. हिचे एंजिन ६० अश्वशक्तीचे असून ते त्याच कंपनीच्या ‘आस्तुरा’ मोटारीचे होते. नावाचा योगायोग असा, की ‘लिंचे’ म्हणजेही लिंक्स, तेच रानमांजर. इटालियन रूपांतर मुळाशी अधिक प्रामाणिक राहिले. पण त्या प्रामाणिकपणातही एक मेख होती. आरंभीच्या डिंगोत चारही चाके वळत असत. नवख्या चालकांना ही गाडी आवरत नाही असे आढळल्यावर इंग्रजांनी ती योजना सोडून दिली. लिंचेमध्ये मात्र ती कायम राहिली. पकडलेली वस्तू आपली रचना सांगते. तिच्याविषयी मागाहून आलेला अनुभव ती सांगू शकत नाही. सप्टेंबर १९४३ मधील इटलीच्या शरणागतीनंतर हे उत्पादन जर्मनांच्या ताब्यात गेले आणि एकंदर अडीचशेच्या आसपासच गाड्या तयार झाल्या.

या दोन उदाहरणांवरून असे दिसते, की परकीय आराखडा स्वीकारताना ‘किती उतरवून घेतले’ हा प्रश्न गौण आहे. कॅनडाने थोडे घेतले व पुष्कळ गाड्या दिल्या. इटलीने पुष्कळ घेतले व थोड्या दिल्या. मूळ गाडीतील कोणता गुण तिच्या कार्याचा प्राण आहे, हे आधी ओळखणे हा मुख्य प्रश्न होय. तो गुण सोडावाच लागला तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागणार, याचा विचार आराखड्याच्या मेजावरच व्हावयास हवा. डिंगोच्या बाबतीत ही किंमत आत बसलेल्या दोन माणसांनी मोजावयाची होती, आणि तीही गाडी मागे घेण्यास लागणाऱ्या काही क्षणांत.