नाणे धुताना नेमके काय विरघळते?

मनोर, पालघर, बोईसर या परिसरातील एखाद्या वर्गात 'घरातील जुनी नाणी आणा' असे सांगितले, तर कोणाच्या तरी आजीच्या डब्यातून शिवराई निघण्याचा संभव असतो. ती शाळेत पाठवण्यापूर्वी घरच्यांनी चिंच लावून लख्ख करण्याचाही संभव तेवढाच! ताम्हनाला जे चालते ते नाण्याला का चालू नये? या साध्या प्रश्नात रसायनशास्त्राचा एक चांगला धडा दडलेला आहे.

शिवराई हे तांब्याचे नाणे. १६७४ मधील राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी ते सुरू केले. एका बाजूला 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. हवेतील ऑक्सिजनमुळे तांब्यावर प्रथम क्युप्रस ऑक्साइडचे तांबूस-तपकिरी पुट चढते. पुढे ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे हिरवे क्षारीय कॉपर कार्बोनेट तयार होते. म्हणजे हे पुट बाहेरून बसलेला मळ नसून त्यात नाण्याचेच तांबे असते. चिंचेतील टार्टरिक आम्ल किंवा लिंबातील सायट्रिक आम्ल ते विरघळवते, तेव्हा नाण्याचा पृष्ठभागच थोडा निघून जातो. वर राखेने घासले तर अक्षरांचे कंगोरेही झिजतात. ही हानी भरून येत नाही.

मळ ही वेगळी गोष्ट आहे. तेल, मेण, पूजेतील तेलकट कुंकू, चिकटपट्टीचा डिंक हे नाण्यावर नुसते बसलेले असतात. ते काढण्यासाठी धातूशी रासायनिक क्रिया न करणारा, फक्त मळ विरघळवणारा द्रव हवा. असा द्रव म्हणजे द्रावक. निवडीचा नियम सोपा आहे: समान स्वरूपाचे पदार्थ एकमेकांत विरघळतात. क्षार पाण्यात विरघळतात, तेल-मेण मात्र पाण्याला दाद देत नाहीत.

म्हणून सुरुवात ऊर्ध्वपातित पाण्याने करावी. नळाच्या वा कूपनलिकेच्या पाण्यात क्लोराइड असतात, आणि तारापूरसारख्या किनारी भागात खारे पाणी नवीन नाही. क्लोराइड हा तांब्याचा खरा शत्रू. क्युप्रस क्लोराइड, पाणी व ऑक्सिजन यांच्या क्रियेतून फिकट हिरवी भुकटी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. हे आम्ल पुन्हा तांब्यावर हल्ला करते व चक्र चालू राहते. याला 'कांस्यरोग' म्हणतात. अशी भुकटी दिसली तर नाणे कोरडे व वेगळे ठेवून तज्ज्ञाला दाखवावे.

तेलकट मळासाठी अल्कोहोल, डिंकासाठी ॲसिटोन उपयोगी पडते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवलेल्या नाण्यांवर चिकट हिरवट थर येतो. त्यातील चिकट भागही ॲसिटोनमध्ये विरघळतो. नेलपॉलिश काढण्याचा द्रव मात्र वापरू नये. त्यात तेल, रंग व सुगंध मिसळलेले असतात आणि ते नाण्यावर मागे राहतात. भांडे काचेचे घ्यावे, कारण ॲसिटोन पॉलिस्टायरीनसारखे प्लॅस्टिक विरघळवते.

आता माणसाच्या सुरक्षिततेविषयी. ॲसिटोन ५६ अंश सेल्सियसला उकळते, पण त्याची वाफ शून्याखाली सुमारे २० अंशांनाही पेट घेऊ शकते. वाफेचा रेणुभार ५८, हवेचा सरासरी २९. म्हणजे वाफ हवेच्या दुप्पट जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोचते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत द्रावके रोजच्या वापरातली आहेत, म्हणून कोणी कारखान्यातून बाटलीभर 'सॉल्व्हंट' आणून देईल. ते नम्रपणे नाकारावे. नाव नसलेल्या बाटलीत काय आहे हे वासावरून ठरत नाही. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, कार्बन टेट्राक्लोराइड यकृताला घातक असते. पेट्रोलमध्येही थोडे बेंझीन असते.

सगळ्या नाण्यांना एकच उपाय लागू नाही. सातवाहनांची अनेक नाणी शिशाची आहेत. शिसे शुद्ध पाण्यातही हळूहळू खराब होते, व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्लाने तर फारच. अशी नाणी धुऊ नयेत.

वर्गात प्रयोगासाठी चलनातील नाणी वापरू नका. २०११ च्या नाणे कायद्यानुसार त्यांची नासधूस हा गुन्हा आहे. तांब्याच्या तारेचे दोन तुकडे ज्योतीवर काळे करा. ज्योत विझवून ते गार होऊ द्या आणि मगच स्पिरिटची बाटली उघडा. एका तुकड्यावर एरंडेल लावून तो स्पिरिटमध्ये हलवा. तेल जाते, काळेपणा राहतो. दुसरा चिंचेच्या कोळात ठेवा. हळूहळू काळेपणा जाऊन तांबे उघडे पडते. पहिल्यात मळ गेला, दुसऱ्यात तारेचाच थर गेला. शाळेतील स्पिरिटमध्ये बहुधा विषारी पदार्थ मिसळलेले असतात, म्हणून ते शिक्षकांनीच हाताळावे.

शिवराईचे काय करावे? कडेने धरावी, वजन करावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि कोरड्या कागदी पाकिटात ठेवावी. ती चमकत नसली तरी अक्षरे वाचता येतात, आणि ती वाचण्यासाठीच तर मुलांना नाणी आणायला सांगितले होते.