घराचे दार व कुलूप
घरात शिरण्याची वाट हवी तेव्हा मोकळी व नको तेव्हा बंद ठेवणारी योजना. चौकट, झडप, बिजागऱ्या, कडी-कोयंडा आणि कुलूप हे तिचे घटक होत. घरफोडी करणारा यांपैकी जो घटक कच्चा असेल त्यावरच आघात करतो. त्यामुळे पोकळ दारास भारी कुलूप लावण्यात फारसा अर्थ नसतो.

पुण्यातील जुन्या वाड्यांत संरक्षणाचा भार मुख्य दरवाजावर असे. जाड सागवानी फळ्यांची दोन कवाडे, त्यांवर लोखंडी पट्ट्या व खिळे आणि आतून भिंतीच्या खोबणीत सरकणारा अडसर, अशी त्याची रचना होती. अडसर बाहेरून दिसत नाही व त्याला किल्लीही नसते. कवाडांवरील धक्का तो थेट भिंतीवर टाकतो. मोठ्या दरवाजातील लहान दिंडीतून वाकूनच व एकावेळी एकालाच आत येता येई. शनिवारवाड्याच्या (वास्तुशांत १७३२) दिल्ली दरवाजावर हत्तीच्या धडकेपासून बचाव म्हणून अणकुचीदार खिळे बसविलेले आहेत. वाड्यातील बिऱ्हाडांच्या खोल्यांना मात्र बहुधा साधी कडी व लहानसे कुलूप पुरत असे, कारण चौकात सदैव कोणाचा तरी वावर असे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून नदीकाठचे अनेक वाडे पडले व पुढील दशकांत सदनिकांच्या इमारती वाढल्या. चौकाची राखण गेली आणि तिचे काम प्रत्येक घराच्या एकट्या दारावर आले.

सदनिकेच्या मुख्य दारासाठी आत लाकूड भरलेले, निदान ३५ मिमी. जाडीचे भरीव फ्लश दार किंवा सागवानी दार घ्यावे. चौकट भिंतीत होल्डफास्टने पक्की केलेली असावी. कुलपाची जीभ चौकटीच्या ज्या पत्र्यात शिरते तो पत्रा आखूड स्क्रूंनी बसविणे ही नेहमीची चूक होय. दारावर लाथ बसली की कुलूप शाबूत राहते आणि पत्रा उखडतो. बाहेरच्या जाळीच्या दाराच्या बिजागऱ्या बाहेर येतात, म्हणून त्यांच्या खिळी निघणार नाहीत अशा असाव्यात. पावसाळ्यात लाकूड फुगून जीभ व पत्रा यांचा मेळ चुकतो. तेव्हा दार तासण्यापूर्वी एक कोरडा ऋतू जाऊ देणे बरे.

कुलपांचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. लिव्हर कुलपात किल्ली प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीवर उचलते, तेव्हाच जीभ सरकते. हे तत्त्व इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ मध्ये वापरले. पिन कुलपात दोन तुकड्यांच्या पिनांचे सांधे एका रेषेत आल्यावरच नळी फिरते. अमेरिकेत लायनस येल (धाकटे) यांनी १८६० च्या दशकात ते आजच्या रूपास आणले. लिव्हर वा पिना जितक्या अधिक, तितकी खोटी किल्ली चालणे अवघड. तरीही १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी ए. सी. हॉब्ज या अमेरिकनाने चब व ब्रामा यांची अभेद्य मानलेली कुलपे उघडून दाखविली होती. भारतात अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत १८९७ मध्ये कुलपे बनविण्यास आरंभ केला. अलीगढही या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे.

कडी-कोयंड्याला लटकविलेले कुलूप घर रिकामे असल्याची वर्दीच देते. त्यापेक्षा दारात बसविलेले मॉर्टिस किंवा मागील बाजूस जोडलेले कुलूप चांगले. मात्र मॉर्टिससाठी दाराची कड कोरावी लागते व पातळ दार तेथेच दुबळे होते. नुसते ओढून बंद होणारे लॅच पुरेसे नाही. त्याची तिरपी जीभ पातळ पट्टीने मागे सारता येते, म्हणून किल्लीने पुढे येणारी, सुमारे २५ मिमी. लांबीची चौकोनी जीभ जोडीला हवी. घर विकत वा भाड्याने घेतल्यावर कुलपाची नळी बदलावी, कारण आधीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे कळत नाही. अंकीय कुलपास विद्युत् घट लागतो. तो संपल्यास उघडण्याची पर्यायी सोय आधीच पाहून घ्यावी. कुलूप कोणतेही असो, आग लागल्यास आतून ते किल्लीशिवाय, अंधारातही उघडले पाहिजे. जाळीच्या दारास आतून कुलूप घालून किल्ली दूर ठेवण्याची सवय या दृष्टीने घातक आहे.