बेटी डेव्हिसचा फणकारा

पुरुषांची टर उडवणाऱ्या बायका ब्लूजमध्ये पहिल्यापासून होत्या. १९२०च्या दशकात मा रेनी आणि बेसी स्मिथ यांनी दगाबाज प्रियकरांवर द्व्यर्थी, खट्याळ गाणी गायली आणि त्यांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. बेटी डेव्हिस याच वळणाची. मात्र १९७३ साली तिचा पहिला अल्बम आला, तेव्हा लोकांना त्यातला चावटपणा तेवढा ऐकू आला; थट्टा कानांवरून गेली.

बेटी, माहेरची मेब्री, १९४४ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅममध्ये जन्मली. आजीकडच्या ब्लूजच्या तबकड्या ऐकत ती वाढली आणि बाराव्या वर्षी तिने पहिलं गाणं रचलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये फॅशनचं शिक्षण घेताना ती मॉडेलिंग करू लागली. १९६७ साली चेंबर्स ब्रदर्सनी तिचं 'अपटाउन' गायलं. पुढच्याच वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसशी तिचं लग्न झालं. संसार वर्षभरच टिकला, पण जिमी हेंड्रिक्स आणि स्लाय स्टोन यांच्या संगीताची गोडी माइल्सला तिनेच लावली.

वुडस्टॉक महोत्सवाचा एक आयोजक मायकेल लँग याच्या 'जस्ट सनशाइन' कंपनीने तिचा अल्बम काढला. ध्वनिमुद्रण सॅन फ्रान्सिस्कोत झालं. स्लाय स्टोनच्या बँडचा माजी ड्रमवादक ग्रेग एरिको निर्माता होता आणि त्याच बँडमधून बाहेर पडलेला लॅरी ग्रॅहम बेस गिटारवर. अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने ओढून सोडायची, ही ग्रॅहमची खासियत. आपल्याकडे समेवर मान डोलते, तसा या अल्बमच्या फंक शैलीत सगळा भार पहिल्या मात्रेवर असतो. तिथे ग्रॅहमचा ठोका पडला की पाय आपोआप हलतात. कोरसमध्ये पॉइंटर सिस्टर्स आणि सिल्व्हेस्टर होते. एवढी मातब्बर मंडळी जमली, तरी आठही गाणी बेटीने स्वतः लिहिलेली. आपल्याला काय हवं ते ती वादकांना गुणगुणून सांगे.

'इफ आय ॲम इन लक आय माइट गेट पिक्ड अप'मधली बाई नटूनथटून बाहेर पडते. कुणी गटवावं हा तिचाच बेत असतो आणि तो ती खुशाल जाहीर करते. 'युअर मॅन माय मॅन'मध्ये दोघींचा पुरुष एकच. पण रडारड नाही की झिंज्या उपटणं नाही. गोड गळा दाखवायच्या भानगडीत बेटी पडत नाही. ती गुरगुरते, किंचाळते, मध्येच लाडात येते. एखादी नटी भूमिका वठवते तसं ती गाणं वठवते.

हा नाट्याचा भाग अनेकांनी शब्दशः घेतला. काही रेडिओ केंद्रांनी 'इफ आय ॲम इन लक' वाजवायचं नाकारलं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीनेही आक्षेप घेतला. अल्बम फारसा खपला नाही. १९७४ आणि १९७५ साली आणखी दोन अल्बम आले, मग बेटी हळूहळू संगीतविश्वातून बाहेर पडली. २००७ साली 'लाइट इन द ॲटिक' कंपनीने पहिले दोन अल्बम पुन्हा बाजारात आणले, तेव्हा नव्या पिढीला ती सापडली. २०२२ साली पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेडमध्ये तिचं निधन झालं.

नवख्याने सुरुवात 'अँटी लव्ह साँग'पासून करावी. तुझ्यावर प्रेम करायचं नाही, असं बेटी त्यात बजावते. का, तर आपला तोल जाईल म्हणून. मग मागाहून सुनावते, की तुझाही जाईल. धमकी आणि आमंत्रण एकाच सुरात देणारी ही बाई थट्टा करतेय, हे ओळखायला त्या काळी रेडिओवाल्यांना जमलं नाही.